अर्ध्या घंट्यात मोकळं

दाजींची आणि माझी शेवटची भेट नांदेडच्या दवाखान्यात झाली. हाताला नळ्या लावलेल्या होत्या, शेजारी यंत्र घरघरत होतं आणि त्यांचं रक्त एका नळीतून बाहेर जाऊन दुसरीतून परत येत होतं. ते तिकडं बघतही नव्हते. ढाब्यावर गाडी लावून चहाची वाट बघावी तसे पडले होते. मी स्टूल ओढून बसलो, तर मान वळवून हळूच म्हणाले, "भगवान, पाठ लई धरून राहिली रे. खिशात एखादी गोळी आसंल तर दे." मला वाटलं गंमत करताहेत. तसा स्वभावच होता. पण ते हसले नाहीत. माझी थोरली बहीण, आमची अक्का, म्हणजे त्यांची बायको, उशाशी बसली होती. तिनं ऐकलं आणि उठून व्हरांड्यात गेली. मी म्हणालो, "दाजी, त्याच गोळ्यांनी तर हितं आणलं ना तुमाला." "व्हय," ते म्हणाले, "म्हणूनच म्हणलं. आता काय बिघडायचं राहिलं?"

पुढच्या आठवड्यात मी वसमतच्या स्टँडवर ड्युटीला होतो. नांदेडची गाडी लागली होती, हळदीच्या बाजारामुळं गर्दी होती आणि मी दारात उभा राहून "मागं सरका, मागं सरका" करीत होतो. कंट्रोलरनं खिडकीतून हाक मारली. फोन कानाला लावला तर पलीकडून भाची नुसती "मामा..." म्हणाली. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. तिकिटांची पेटी दुसऱ्या कंडक्टरच्या हातात दिली आणि मी खाली उतरलो. गाडी वेळेवर सुटली. माणूस गेला म्हणून एस.टी. थांबत नाही, आणि थांबूही नये. पण त्या दिवशी ती थांबावी असं मला वाटलं.

मातीला पुष्कळ लोक आले होते. जीपवाल्याला ओळखत नाही असा माणूस त्या भागात कोण असणार? जो तो मला बाजूला घेऊन विचारायचा, "काय झालतं?" मी सांगायचो, किडन्या गेल्या. मग तो मान हलवायचा, जणू किडनी म्हणजे कुठलं लांबचं गाव आहे आणि तिथं जाणारा परत येत नाहीच. दोघातिघांनी आवाज खाली करून पुढचंही विचारलं, "पेत व्हते का?" न्हाई. माझ्या दाजींनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तंबाखूसुद्धा नाही. त्यांनी जे खाल्लं ते चकचकीत पाकिटात मिळतं, उजेडात, दुकानाच्या काउंटरवर मिळतं आणि ते खाणाऱ्याला कुणी वाईट म्हणत नाही. हे एकदा लिहून ठेवावं म्हणून लिहितो आहे.

त्यांचं नाव माणिक. हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या वाडीतलं घर, मेंढरांवर पोसलेलं. वडील आणि भाऊ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पाऊस तोंडावर आल्यावर परतायचे. दाजींना त्यातलं काही नको होतं. लग्नाची बोलणी चालू असताना आमच्या वडिलांनी विचारलं, "मेंढरं किती हायेत?" तर नवरदेव स्वतःच म्हणाला, "मेंढरं बापाची हायेत. मला चालायचं न्हाई, मला चालवायचं हाय." सगळे हसले. अक्का आतून ऐकत होती. पुढं कितीतरी वर्षं ती हे वाक्य सांगायची. बसून काम करायचं म्हणून हा माणूस स्टिअरिंगवर बसला आणि त्या बसण्यानंच मोडला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जुनी जीप घेतली आणि गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली अशा चकरा सुरू केल्या. मी तेव्हा नुकताच एस.टी.त लागलो होतो. आमचं नातं मेव्हण्या-दाजींचं आणि धंद्यानं दुश्मनीचं. आमच्या गाडीच्या आधी पाच मिनिटं त्यांची जीप स्टँडच्या बाहेर उभी राहायची आणि आमची माणसं उचलून न्यायची. वर मला ऐकवायचे, "मेव्हणं, तुमचा लाल डबा हिंगोलीला पोचस्तोवर मी दोन चकरा मारून जेवाया बसतो." मी म्हणायचो, "दाजी, आमी सरकारी हाव, आमाला नियम हाय." ते म्हणायचे, "म्हणून तर तुमची गाडी रिकामी येऊन राहिली." लेकरू आजारी असेल, बाळंतीण न्यायची असेल, कुणाला पेपरला जायचं असेल, दाजी कधी नाही म्हणाले नाहीत. रात्री-अपरात्री दार वाजलं तरी पायात चप्पल सरकवून चावी उचलायचे. अक्का चिडायची, पण दुसऱ्या दिवशी बायांमध्ये अभिमानानं सांगायची.

त्या काळी जीपमध्ये माणसं कशी बसायची हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. मागं कोंबलेली, टपावर बसलेली, पायरीवर लोंबकळलेली. पुढं तर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं. दाजींच्या उजव्या हाताला, दाराकडंही एक जण बसायचा. मग स्वतः ते सीटच्या कडेवर एका कुल्ल्यावर टेकून, अंग पिळून, मान एकीकडं आणि पाय एकीकडं असे गाडी हाकायचे. खाली रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक दणका थेट मणक्यात. दिवसभर. एका उन्हाळ्यात चाक बदलताना जॅक घसरला, गाडी सावरायला गेले आणि कमरेत उसण भरली. सरळ उभं राहता येईना. दोघांनी धरून बाजारातल्या डॉक्टरकडं नेलं.

त्या डॉक्टरचं नाव मी लिहीत नाही. पाटीवर डिग्रीची अक्षरं होती, ती कसली हे कुणी विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी त्याच्या दारात जत्रा असायची, कारण एकच होतं, त्याच्याकडं गुण लगेच यायचा. त्यानं दाजींच्या कमरेत सुई टोचली आणि कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या बांधून दिल्या. दाजींनी त्यातल्या तीन तिथंच चहाबरोबर घेतल्या आणि थोड्या वेळानं स्वतःच्या पायांनी जीपकडं गेले. संध्याकाळी आमच्याकडं मुक्कामाला आले ते अंगणातून ओरडतच, "अर्ध्या घंट्यात मोकळं झालं बघा! देवमाणूस हाय तो." मला आजही वाटतं, त्या दिवशी गुण आला नसता तर बरं झालं असतं. दोन-चार आठवडे घरी पडले असते. अक्कानं शेकलं असतं, त्यांनी आरडाओरडा केला असता, कण्हले असते... आणि आज असते.

पुन्हा दुखलं तेव्हा ते डॉक्टरकडं गेले नाहीत. पुडीतल्या उरलेल्या गोळ्या घेऊन मेडिकलवर गेले, "हे द्या." दुकानदारानं कात्रीनं पट्टी कापून दिली. पुढं पट्टीही दाखवावी लागेना. दाजी काउंटरला टेकले की गोळ्या समोर. कशासाठी, किती दिवसांपासून, जेवण करून घेता का, रक्तदाब कधी मोजला का, असं एका माणसानं एकदाही विचारलं नाही. विचारणार कसा? गिऱ्हाईक हसतमुख, रोजचं आणि ओळखीचं. सकाळी पहिल्या चकरेआधी एक गोळी काळ्या चहाबरोबर, दुपारी उन्हात एक. पोटात अन्न असो नसो. पाणी तर ते प्यायचेच कमी. पाणी प्यालं की गाडी थांबवावी लागते, आणि भरलेली गाडी थांबवली की मागचे बोंबलतात. वैशाखात, इंजिनाच्या धगीत, घशाला कोरड पडलेली असताना हा माणूस गोळी नुसत्या थुंकीवर गिळायचा. मी पाहिलेलं आहे. मला त्यात कौतुकच वाटायचं. कसा गडी आहे, म्हणायचो.

आणि एकट्यानं खाल्ल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. समोरच्या काचेखाली प्लास्टिकचा डबा असायचा, त्यात कायम एक पट्टी. कापूस वेचून परतणाऱ्या बाया गाडीत चढताना "माय गं" म्हणाल्या की दाजी डबा पुढं करायचे. "घे मावशी, एक घे. अर्ध्या घंट्यात मोकळं." कुणाचे गुडघे, कुणाची मान, कुणाची दाढ. पैसे कधी घेतले नाहीत. लोक त्यांच्या जीपला दवाखान्याची गाडी म्हणायचे आणि दाजी खूश व्हायचे. त्यांना खरंच वाटायचं आपण पुण्य करतो आहोत. ज्यानं स्वतः दुखणं भोगलंय त्याला दुसऱ्याचं कण्हणं ऐकवत नाही, हा त्यांचा गुण होता. ह्या गुणानं जे केलं ते मी आता सांगतो.

त्यांची आई, आम्ही सगळे माय म्हणायचो, म्हातारपणी गुडघ्यांनी बेजार झाली होती. आयुष्य मेंढरामागं चालण्यात गेलेलं, आता चुलीपासून उठता येईना. दाजी तिला रोज एक गोळी द्यायचे. थंडी पडली की दोन. माय चालायला लागली. गल्लीत फिरून सांगायची, "माह्या माणक्यानं मला पाय देले." तिचं जेवण कमी झालं, पोटात आग पडते म्हणायला लागली, तेव्हा दाजींनी तिला इनो पाजलं. एके दिवशी अक्काच्या लक्षात आलं, की मायला परसाकडं डांबरासारखं काळंकुट्ट होतंय. माय लाजून सांगत नव्हती. अक्कानं दाजींना सांगितलं, तर म्हणाले, "हरभऱ्याची भाजी खाल्ली आसंल." हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षीची गोष्ट. गावोगाव जीपगाड्यांना हार घातले होते, आपलं जिल्ह्याचं ठाणं आता जवळ आलं म्हणून लोक आनंदात होते. तो हार गाडीला वाळत असतानाच माय सकाळी अंगणात भोवळ येऊन पडली आणि तिला उलटी झाली... चहाच्या चोथ्यासारखी.

दाजींनी तिला जीपमध्ये घातलं. त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत दुसरं कुणी बसवलं नाही. हिंगोलीच्या दवाखान्यात एक तरुण बाई डॉक्टर होत्या. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी धरली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी दुखण्याच्या गोळ्या घेतात का?" दाजी म्हणाले, "व्हय, मीच देतो." बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पोटात जखम होऊन आत रक्त वाहतंय. बऱ्याच दिवसांपासून. ह्या वयात ह्या गोळ्या रोज देत नसतात हो... काळं होत होतं तेव्हाच आणायचं होतं." रक्ताची बाटली येईपर्यंत माय गेली. दाजी पायरीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, "भावायला सांगू नको." मी सांगितलं नाही. भाऊ म्हणाले, वय झालं होतं. गाव म्हणालं, सोन्यासारखं मरण आलं, अंथरुणात पडली नाही. दाजी मुंडण केलेलं डोकं खाली घालून ऐकत राहिले.

घरी आल्यावर काचेखालचा तो डबा त्यांनी काढला आणि नाल्यात फेकला. त्यानंतर कुणालाही गोळी दिली नाही. बाया मागायच्या, "डायवर, काहून देत न्हाईस रं?" तर म्हणायचे, "सरल्या." पण स्वतःचं काय? पाठ तर तशीच होती आणि गाडीही तशीच होती. त्यांनी डॉक्टरीणबाईचं बोलणं पक्कं ध्यानात ठेवलं, पण अर्धंच. गोळीनं पोट जळतं, एवढं त्यांना कळलं. म्हणून ते पोट सांभाळायला लागले. आता गोळी कधी रिकाम्या पोटी नाही. आधी भाकर, मग दूध, मग गोळी, वरून पित्ताची गोळी. मला मोठ्या गंभीरपणे सांगायचे, "पोट सांभाळलं म्हंजी झालं. मायचं पोट नाजूक व्हतं." आणि खरंच, पोटानं त्यांना शेवटपर्यंत त्रास दिला नाही. जे बिघडत होतं ते कमरेच्या वर, पाठीच्या दोन्ही बाजूंना, मुकाट्यानं बिघडत होतं. त्याला दूध पुरत नव्हतं. त्याची आग होत नव्हती, कळ येत नव्हती. ते दुखलं असतं तर कदाचित... पण दुखलं असतं तर त्यांनी अजून एक गोळी घेतली असती.

मग पायावर सूज यायला लागली. चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. सकाळी डोळे फुगलेले. अक्का म्हणायची दाखवा, ते म्हणायचे, "दिवसभर पाय लोंबतेत, सुजणारच." मेडिकलवाल्यानं सूज उतरायची गोळी त्यात वाढवून दिली. मग जेवण जाईना, तोंडाला वास, अंगाला खाज, जिना चढताना धाप. सेनगावच्या घाटात एकदा डोळ्यांपुढं अंधार आला आणि गाडी कशीबशी कडेला लावली. मागं माणसं भरलेली होती. त्या दिवशी ते घाबरले. मला फोन करून म्हणाले, "भगवान, नांदेडला घेऊन चल."

नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तदाब मोजला, तो दोनदा मोजला. कागद वाचून चष्मा काढला. "किती वर्षांपासून दुखण्याच्या गोळ्या खाता?"

दाजी म्हणाले, "रोज न्हाई खात साहेब. गाडी चालवली तरच."

"गाडी कधी चालवता?"

"रोज."

डॉक्टर हसले नाहीत, मीही हसलो नाही. अक्कानं पदराच्या गाठीतून मेडिकलवरची पुडी काढून टेबलावर सोडली. डॉक्टरांनी गोळ्या बोटानं वेगळ्या केल्या आणि दोन जवळ सरकवल्या. "ह्या दोन्ही एकाच जातीच्या आहेत. नावं निराळी, रंग निराळा, काम तेच. म्हणजे हे रोज दुप्पट खात होते." मग ते बोलत राहिले. आवाज चढवला नाही, पण थकलेला होता, रोज तेच सांगणाऱ्या माणसासारखा. गोळी वाईट नाही म्हणाले. दोन-चार दिवस, कमीत कमी, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि तरीही दुखणं राहिलं तर गोळी वाढवायची नसते, कारण शोधायचं असतं. रक्तदाब असेल, पोटाची जखम असेल, म्हातारं माणूस असेल, तर विचारल्याशिवाय नाहीच. उन्हात पाणी न पिता तर कधीच नाही. दाजी प्रत्येक वाक्याला मान हलवीत होते, शाळेतल्या पोरासारखी. शेवटी म्हणाले, "हे कुठं लिहिलेलं आसतंय का साहेब?" डॉक्टर म्हणाले, "पाकिटात कागद असतो." दाजी माझ्याकडं वळले. "आपल्याला कापून देतेत ना रे. कागद कुठून येईल?"

अक्का शांत बाई आहे. आयुष्यात कुणाशी भांडलेली मला आठवत नाही. त्या आठवड्याच्या बाजाराला ती उठली आणि एकटीच त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. मी मागून पोचलो तेव्हा ती टेबलासमोर उभी होती. "मालकायच्या किडन्या गेल्या. तुमी काय देलं व्हतं त्याहिला?" डॉक्टर इंजेक्शन भरत होता. थांबला नाही. म्हणाला, "बाई, मी काय घरी येऊन चारल्या का? इथं येणारा जो तो म्हणतो, डॉक्टर, आजच्या आज उभं करा, उद्या कामाला जायचंय. मी आराम करा म्हणलं तर दुसऱ्याकडं जातेत. आणि नंतरच्या गोळ्या तुमच्या मालकानं दुकानातून घेतल्या, माझ्याकडून नाही." ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर जळजळ आहे. अक्का तशीच उभी राहिली. तेवढ्यात तिच्या मागचा एक म्हातारा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, सरक की बाजूला. सुई घ्यायची हाय, गाडी जाईल." ती सरकली. सगळ्यांनी तिला वाट दिली, आणि पुन्हा रांग सरळ झाली.

मग सुरू झाल्या आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडच्या वाऱ्या. आयुष्यभर माझ्या लाल डब्याची टर उडवणारा माणूस आता त्याच डब्यातून जायला लागला. हिंगोलीला मी त्यांना चढवायचो, माझ्या शेजारच्या सीटवर बसवायचो. औंढा, वसमत, नांदेड. जाताना सुजलेले, येताना पिळून काढल्यासारखे. पाणी मोजून. ज्यानं उभं आयुष्य पाणी टाळलं त्याला आता पाण्याची आस लागली आणि तेव्हा ते बंद झालं. वसमतला गाडी थांबली की बाहेर रसवंतीची घंटी वाजायची, दाजी खिडकीकडून तोंड फिरवायचे. अक्का स्वतःची किडनी द्यायला तयार होती. त्यांनी डॉक्टरांसमोर तिला झिडकारलं, "दोघं पडलो तर पोरीकडं कोण बघंल?" आणि विषय कायमचा बंद केला.

जरा बरं वाटायचं त्या दिवशी ते गोरेगावच्या जीपस्टँडवर जाऊन बसायचे. जीप आता दुसरा कुणी चालवीत होता. तिथं ते लोकांना सांगायला लागले. कुणी पाठीला हात लावलेला दिसला की हाक मारायचे. "ए, गोळ्या खातोस का? माह्याकडं बघ. हे हात बघ." नळ्यांनी फुगलेल्या शिरा दाखवायचे. लोक ऐकायचे, च्च च्च करायचे आणि गाडी लागली की निघून जायचे. एका दुपारी मी सुट्टीवर होतो, त्यांच्याजवळ बसलो होतो. एक मावशी काठी टेकत आली. दाजी तिलाही तेच सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माणिका, मला पैली गोळी तूच देलती की रं. गाडीत. म्हणला, अर्ध्या घंट्यात मोकळं. तवापसून रोज खाती मी. तुव्हा आशीर्वाद हाय." टोमणा नव्हता तो. ती खरंच आभार मानत होती. काठी टेकत ती जीपकडं गेली, आणि मी बघितलं, तिचेही पाय सुजलेले होते. दाजींनीही बघितलं.

ते परत स्टँडवर गेले नाहीत. घरात बाजेवर पडून असायचे. मी समजूत घालायला गेलो, की तुमचा हेतू चांगला होता, तुमाला काय माहीत. ते म्हणाले, "हेतू गोळीत उतरत न्हाई रे भगवान." मग म्हणाले, "मायला मी मारली. आन् आजून किती..." मी त्यांचं तोंड दाबलं. पण त्यांनी जे म्हटलं नाही ते आम्हा दोघांच्याही मनात राहिलं. मला राग येतो तो इथं. ज्यानं सुई टोचली त्याला झोप लागते. ज्यानं पट्टी कापून दिली त्याला लागते. पाप वाटून घ्यायला एकच माणूस पुढं आला, आणि तो तरी कोण, ज्यानं फुकट वाटल्या तो. नांदेडला त्यांनी शेवटी माझ्याकडं गोळी मागितली, ती पाठीसाठी होती की आणखी कशासाठी, हे मी स्वतःला विचारत नाही.

तेराव्याला तो बाजारातला डॉक्टर आला होता. जेवून गेला. जाताना मला म्हणाला, "चांगला माणूस होता हो, मनमिळाऊ." मी त्याला पाणी दिलं. काय करणार होतो? त्याच पंगतीत पुऱ्या लाटून लाटून आमच्या नात्यातल्या एका बाईची पाठ धरली, तर दुसरीनं कनवटीची पुडी सोडून तिच्या हातावर गोळी ठेवली. तिनं ती तोंडात टाकली आणि पुन्हा लाटणं घेतलं. दाजींच्या हार घातलेल्या फोटोसमोर. कुणालाच काही वाटलं नाही. अक्कानं पाहिलं आणि कढईकडं वळली.

परवा अक्काकडं गेलो होतो. तिचे गुडघे आता दुखतात, बऱ्याच दिवसांपासून दुखत असणार, बोलली नव्हती. मधल्या खोलीत भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. भाचीनं चुलीवर लोखंडी तव्यात वाळू तापवली आणि एका जाड कापडात तिची पुरचुंडी बांधून आणली. कापड खाकी होतं. मी नीट पाहिलं, तर दाजींचा ड्रायव्हरकीचा शर्ट, बाह्या कापलेला, खिसा तसाच. अक्का तो गरम गोळा गुडघ्यावर ठेवायची, चटका बसला की उचलायची, पुन्हा ठेवायची. कापड तापलं तसा खोलीत वास पसरायला लागला. डिझेलचा, ग्रीसचा, घामाचा. इतक्या वेळा धुतलेला शर्ट, तरी उष्णता लागली की आतून वर येत होता.

"अक्का, लई दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. पुरचुंडी गार होत आली होती, तरी ती गुडघ्यावरून काढत नव्हती. मग भाचीकडं देत म्हणाली, "तापव आजून एकदा."